पूजेला बसलेली पिकअप

धाकू परबाची पिकअप घाटकोपरच्या टेकडीवर पहिल्यांदा चढली तेव्हा चाळीतल्या लोकांना वाटलं, लढाई पुन्हा सुरू झाली. आवाजच तसा होता. आणि गाडी होतीही लढाईतलीच. गोरे सोल्जर आपापल्या देशी गेले, त्यांच्या गाड्या मागे राहिल्या, आणि लष्कराच्या लिलावात फिरत फिरत त्यातली एक धाकूच्या गळ्यात पडली. गिरणीत चात्यांना तेल घालणारा माणूस गिरणी सोडून मोटरमालक झाला म्हणताच अख्खी चाळ हसली होती. धाकूने गाडीचा हिरवा रंग खरवडून तिला निळा दिला. खरवडायचा कंटाळा आल्यामुळे दारावरचा पांढरा तारा मात्र निळ्याखालून दिसत राहिला.

तो तिच्यातून गवत वाहायचा. जोगेश्वरीच्या तबेल्यांतल्या म्हशी त्याच्या गवतावर पोसल्या होत्या, आणि त्या म्हशींच्या दुधावर अर्धी अंधेरी. हे तो सांगायचा तेव्हा ऐकणाऱ्याला वाटे, मुंबई इलाखा याच्याच पिकअपवर चालतोय.

गाडीच्या खोडी अनेक होत्या. दुसरा गिअर उतारावर आपण होऊन निसटे, म्हणून तो डाव्या गुडघ्याने दाबून धरावा लागे. उन्हाने तापली की जागच्या जागी बंद पडे. मग इंजिनाशेजारच्या पेट्रोलपंपावर ओलं फडकं गुंडाळून तिची समजूत काढायची. उजवीकडे वळताना डावीकडचं दार उघडे, ते काथ्याने बांधलेलं होतं. ब्रेक एका दाबात लागत नसे. पहिला दाब नमस्काराचा, दुसरा विनंतीचा, तिसऱ्याला ती थांबे. हँडब्रेकचा दांडा होता, पण त्याचा ब्रेकशी काही संबंध उरला नव्हता. गाडी उभी केली की चाकाखाली ओंडका.

यातलं काहीही दुरुस्त करायला धाकू तयार नसे. एक खोड मोडली की गाडी दुसरी काढते, आणि ती ओळखीची नसते, असं त्याचं ठाम मत होतं. दुरुस्तीऐवजी तो तिला काहीतरी आणायचा. बायकोशी तंटा मिटवता येत नाही म्हणून नवरा गजरा घेऊन येतो, त्यातलाच प्रकार. गिअर फारच निसटायला लागला तेव्हा काचेवर पत्र्याची झापड बसली. गाडी गरम होऊन वारंवार अडली त्या महिन्यात पुढे दोन पिवळे दिवे आले. मग चाकांना चकचकीत टोप्या, मडगार्डांना गोंडेवाले रबरी पडदे, सीटला लाल झालर. मागे स्प्रिंगचे जादा पाटे घातले आणि गाडी गवताच्या ओझ्याखाली बसेनाशी झाली, तशी धाकूने पूर्वीच्या दीडपट गवत भरायला सुरुवात केली. पाट्यांनी ते उचललं. ब्रेकाला कोणी विचारलं नव्हतं.

"मंगळसूत्र तेवढं राहिलंय रे," बाळ गुरव म्हणायचा. बाळचं खाली आग्रा रोडवर मोटरदुरुस्तीचं दुकान होतं आणि धाकू आपलं गिऱ्हाईक कधी होणार नाही हे त्याने केव्हाच ओळखलं होतं. तरी संध्याकाळी दोघं एकाच बाकावर बसत.

चाळीचं हसणं थांबलं ते दसऱ्यामुळे. गाडी आल्याच्या पहिल्या दसऱ्याला धाकूने चाळीतल्या बायकांना तिच्यात बसवून जोगेश्वरीला देवीची ओटी भरायला नेलं आणि परत आणलं. त्या दिवशी उतरताना कुणीतरी त्याला धाकूशेठ म्हटलं. मग ते दरवर्षीचंच झालं. एरवी त्याला "ए परब" म्हणणारे शिकलेले लोकही त्या दिवसापुरतं धाकूशेठ म्हणत, आणि धाकू उरलेलं वर्ष त्या एका दिवसावर काढी.

अशाच एका वर्षी खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, त्याने रिवाजाप्रमाणे सगळी हत्यारं पाटावर मांडली. पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, जॅक, हवा भरायचा पंप, ब्रेकऑइलचा डबासुद्धा. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. गाडी धुऊन तिला आंब्याचे टाळे आणि माळा चढवल्या. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याची पूजा आटोपेपर्यंत उचलायचं नसतं, आणि पूजेला बसलेली गाडीही हलवायची नसते. हे सांगावं लागत नाही. गिरणीतही त्या दिवशी यंत्राला कोणी हात लावत नसे.

दुपारी बाळ प्रसादाला आला. प्रसाद खाता खाता तो गाडीभोवती फिरला आणि मागच्या चाकापाशी उकिडवा बसला. चाकाच्या आतल्या बाजूने एक काळी ओल टायरवर उतरली होती. त्याने बोट लावलं, हुंगलं, आणि बोट धाकूपुढे धरलं. धाकूला हुंगायची गरज नव्हती. ती ओल त्याने सकाळी गाडी धुतानाच पाहिली होती आणि पाणी समजून पुसली होती. म्हणजे पाणी समजायचं ठरवून पुसली होती.

"ब्रेकचं आतलं रबर गेलंय, तेल गळतंय," बाळ म्हणाला. "चाक खोलावं लागेल."

दोघांनी पाटाकडे पाहिलं. पाने झेंडूखाली गप्प पडले होते. बाळची हत्यारंही त्याच्या दुकानात तशीच पडली होती. बाळने कुर्ल्याच्या एका मुसलमान मिस्त्रीचं नाव काढलं, त्याची हत्यारं पूजेत नसणार. धाकू म्हणाला, हत्यारं नसतील, पण गाडी आहे ना.

"मग उद्या नेऊ नकोस."

"नेतो की. हळू नेतो."

बाळ नेहमीसारखा हसला नाही. हात फडक्याला पुसून तो टेकडी उतरून गेला, आणि चहासाठीही थांबला नाही, हे धाकूला रात्रीपर्यंत टोचत राहिलं.

संध्याकाळी धाकूने उपाय केला. कुर्ल्याच्या भंगारातून आणून ठेवलेला तीन तोंडांचा भोंगा त्याने बाहेर काढला. ब्रेक थोडा कमी असेल तर हॉर्न थोडा जास्त असावा, हा हिशेब त्याला बरोबर वाटला. पाने पूजेत होते, म्हणून भोंगा त्याने हातानेच, तारेने पिळून बांधला. हात काही पूजेत नव्हते.

दसऱ्याच्या सकाळी नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली गेली, बायका ओटीचं सामान घेऊन मागच्या फळ्यांवर बसल्या. मागून गाणी सुरू झाली. धाकू आत चढला आणि त्याने ब्रेक दाबून पाहिला. नमस्कार झाला, विनंती झाली, तिसरा दाबही तळाला गेला. चौथ्या दाबाला कुठेतरी काहीतरी अडल्यासारखं लागलं, आणि पाय तसाच ठेवला तर तेही हळूहळू खाली जात होतं. समोर उतार होता. उतार संपतो तिथे आग्रा रोड, आणि त्यावरून ठाण्याकडच्या लॉऱ्या.

त्याने हे सांगायला पाहिजे होतं. ब्रेक नाही, उतरा. एवढंच. मागे कुणीतरी "धाकूशेठ, सोडा की," म्हणालं, आणि त्याच्या तोंडून भलतंच निघालं. तो खाली उतरून म्हणाला की पहिली फेरी गाडीने रिकामी उतरायची असते. उतार आधी गाडी उतरते, मग माणसं पायी, आणि खाली रस्त्यावर सगळ्यांनी बसायचं.

चाळीतल्या मास्तरांची बायको सुहासिनीबाई पंचांग जाणणारी होती. असं कधी ऐकलं नाही, म्हणाली.

"आमच्या गावात असंच," धाकू म्हणाला.

गावच्या रिवाजापुढे कोण बोलणार? बायका थोडं कुरकुरत, लुगडी सावरत उतरल्या. धाकूला हायसं वाटलं. आता काय व्हायचं ते आपल्या एकट्याचं होऊ दे. तो फिरून आपल्या दाराशी आला, तर डाव्या सीटवर त्याची बायको माणिक बसलेली. नवं लुगडं, मांडीवर आरतीचं ताट, ताटात पेटतं निरांजन.

त्याने तिला उतरायला सांगितलं. ती म्हणाली, रिकामी म्हणजे परक्या माणसांची. घरच्या बाईने पहिल्या फेरीला गाडीत बसायला नको? सुहासिनीबाईने खिडकीशी येऊन मान डोलावली, हे मात्र शास्त्राला धरून आहे म्हणाली, आणि सगळ्या बायकांनी माणिककडे अशा नजरेने पाहिलं की ती सीटवर आणखी ताठ बसली. लग्न होऊन आली तेव्हापासून चाळीने तिच्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं.

धाकूने तोंड उघडलं. बायका ऐकत होत्या. त्याने तोंड मिटलं आणि तो आत बसला. ओंडका कुणीतरी काढला.

पहिल्या गिअरमध्ये गाडी कण्हत, हळू, शहाण्यासारखी उतरली. वळणापर्यंत तर धाकूला वाटलं, उगाच घाबरलो. मग सवयीने हात गिअरच्या दांड्याकडे गेला आणि त्याने दुसरा टाकला. गुडघा लावायला गेला तर मध्ये माणिकचं ताट. तो क्षणभर थांबला, लुगड्याला काजळी लागेल म्हणून. तेवढ्यात गिअर निसटला.

गाडी एकदम गप्प झाली. इंजिनाचं कण्हणं थांबलं आणि फक्त चाकांचा आवाज उरला, तो वाढत गेला. धाकूने ब्रेक दाबला, पुन्हा दाबला. पायाखाली काहीच नव्हतं. गिअर पुन्हा घालायला गेला तर दातांवर दात घासल्याचा आवाज. माणिकने त्याच्या पायाकडे पाहिलं. मग तिने ताट दोन्ही हातांनी धरलं. भोंगा तीन तोंडांनी ओरडत होता आणि खाली रस्त्यावरची माणसं खरोखरच बाजूला होत होती. लॉऱ्यांना ते ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

उजव्या हाताला झोपड्या होत्या, दारात तोरणं बांधणारी पोरंबाळं. डाव्या हाताला टेकडीचा कापलेला दगड. धाकूने डावीकडे वळवली. गाडी दगडाला घासत गेली, चाकाची टोपी उडून रस्त्याने एकटीच पुढे धावली, आणि गटारात पुढचं चाक अडकून सगळं थांबलं.

धाकूला खरचटलंही नव्हतं. माणिकच्या बाजूचं दार आत आलं होतं आणि तिचा डावा हात दार आणि सीट यांच्यामध्ये होता. धाकू काथ्या तोडत होता, दार ओढत होता, तिचं नाव घेत होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आवाज मात्र नेहमीचा होता.

"तुका म्हायत होता?"

"नाय गो. कसा म्हायत असतला?"

वरून बायकांची पावलं धावत येत होती.

"मग त्या बायकांका उतरवलंस कित्याक?"

धाकूचे हात दारावर थांबले. उत्तर द्यायला त्याच्यापाशी वेळ होता, बायका अजून वळणावर होत्या. त्याने पुन्हा दार ओढायला सुरुवात केली.

बायका आल्या त्या हात जोडूनच. सुहासिनीबाई धापा टाकत सांगत होती की देवीनेच याला बुद्धी दिली, नाहीतर आज आम्ही सगळ्या गेलो असतो. धाकूचं अंग थरथरत होतं ते पाहून त्या म्हणाल्या, अंगात देवीचं वारं आलंय. एकीने त्याच्या पायांवर डोकं टेकलं. रस्त्यावरून बाळ गुरव धावत आला होता. त्याने मागच्या चाकाकडे पाहिलं, धाकूकडे पाहिलं, आणि मुकाट्याने पहार घालून दार उचकटलं.

माणिकला बाहेर काढलं तेव्हा हात कोपरापासून भलत्याच बाजूला लोंबत होता. सुहासिनीबाईने तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि विचारलं, देवी बोलली ना गं त्याच्याशी? सगळ्या थांबल्या. बाळही थांबला. माणिकने धाकूकडे पाहिलं. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत तिने एवढा वेळ त्याच्याकडे कधी पाहिलं नसेल.

"होय," ती म्हणाली. "देवीनंच सांगितल्यान तेका."

बायकांनी देवीचा जयजयकार केला. माणिक बाळच्या खांद्याला धरून रस्त्यावर थांबलेल्या टांग्याकडे चालू लागली. धाकू आधार द्यायला पुढे झाला, तेव्हा तिने धडधाकट हाताने त्याला बाजूला केलं, अगदी हलकेच, माणसांच्या लक्षात येणार नाही इतकं.