नांदेड ते लातूर, हाडाला ओझं देत

नांदेडच्या स्टँडवर एसटीत चढलो तेव्हा अर्ध्या मराठवाड्याचं लोखंड माझ्या डाव्या पायात होतं. पोटरीभोवती कडी, कड्यांतून हाडात आरपार गेलेल्या तारा. लोकांनी अशी वाट दिली की मंत्र्यालाही हेवा वाटावा.

लातूरच्या डॉक्टर मॅडमचं संशोधनच निराळं. न जुळणाऱ्या हाडाला ओझं द्या, म्हणतात. पाऊल टेकलं की हाड किंचित दबतं आणि त्या दाबानं आतल्या पेशी जाग्या होऊन नवं हाड विणायला लागतात. पायावर किती भार पडतो ते टिपणारं बटणच त्यांनी कड्यात बसवलंय. मागल्या खेपेला त्यानं चहाडी केली: पेशंट बसून असतो. बसणार नाही तर काय? घरचे मला पाण्यालासुद्धा उठू देत नाहीत. आजही भार दिसला नाही, तर कमरेचं हाड काढून पायात भरायचं ठरलं होतं. म्हणून लातूरपर्यंत उभ्यानं जायचा बेत.

पण बांगड्यांची टोपली घेतलेल्या खालांनी (मावशींनी) सरकून जागा केली. उदगीरचे धान्यवाले आप्पा शेजारी होते. त्यांना मी सगळं शास्त्र समजावलं.

"मोडल्या हाडाला ओझं? डॉक्टर हाय का हमाल? बसा." त्यांनी खांदा दाबून बसवलं.

लोह्याला चहासाठी उतरावं म्हटलं, तर चहाच खिडकीतून आत आला. शेवटी मी थाप मारली.

"आप्पा, सिद्धेश्वराला नवस बोललोय. लातूर येईस्तोवर बसायचं न्हाई."

आप्पांचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला. "मग आधी सांगायचं न्हाई का?" त्यांनीच मला उठवून उभं केलं.

अहमदपूरच्या पुढं एकेका खड्ड्यात म्हैस पोहावी. पायातून कळा निघाल्या. गुपचूप टेकायला गेलो, तर खालांनी सीटवर टोपली ठेवली.

"मन्नत हाय ना भैया? खडे रहो."

लातूरला मॅडमनी बटण संगणकाला जोडलं. पडद्यावरची रेघ बालाघाटाच्या डोंगरासारखी चढली. एक्स-रेत भेगेवर दुधाच्या सायीइतकं काहीतरी धूसर दिसत होतं.

"आज काय केलंत?"

एसटीच्या पुढं धावत आलो, म्हणालो. त्या हसल्या नाहीत.

"कमरेला आत्ता हात लावत नाही. महिनाभर बघू. पण रोज एवढा भार हवा."

परतीची गाडी अर्धी रिकामी होती. कंडक्टरनं खिडकीची जागा दाखवली. आमच्याकडं माया फार; दुखणेकऱ्याला भुईला टेकू देत नाहीत. माझं हाड मात्र टेकल्यावाचून जुळणार नव्हतं.

चाकूरपाशी खड्डा आला. मी दांडीवरचा हात सैल केला आणि डाव्या पायावर उभा राहिलो.