शेऱ्याचा रकाना

"परदेशी सभासद किती राहिले, मॅडम?" सावंत सरांनी विचारलं.

"चौदा."

"गेल्या वर्षी?"

"एकतीस."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते असं करतात तेव्हा पुढचं वाक्य चांगलं नसतं. "वार्षिक सभेला सात महिने आहेत. तोवर काही जमलं नाही, तर आंतरराष्ट्रीय विभाग बंद करायचा ठराव मीच मांडणार. कागदावरचा विभाग काय कामाचा?"

सावंत सर आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. सोसायटी म्हणजे मत्स्यशास्त्रज्ञांची संघटना. मासे, खाड्या, मच्छीमारी यांचा अभ्यास करणारे लोक तिचे सभासद. मी नोकरीतून निवृत्त झाले आणि परदेशी सभासद जोडायचं काम अंगावर घेतलं. मोठ्या हौसेनं घेतलं, हे कबूल करते. पनवेलच्या खाडीत डोल जाळं लावणाऱ्या मच्छीमाराची मुलगी मी. घरात माझ्या आधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. माझ्या मेलच्या खाली 'आंतरराष्ट्रीय सभासदत्व प्रमुख' असं छापून यायचं, ते मी एकटी असताना दोनदा वाचायचे.

पण सभासद गळत होते. आम्ही त्यांना सर्टिफिकेट पाठवायचो, दर तीन महिन्यांनी बातमीपत्र पाठवायचो. वर्ष संपलं की अर्धे गुपचूप निघून जायचे. का गेलात, असं मी सगळ्यांना लिहून विचारलं. उत्तर एकीनंच दिलं. केनियाच्या किनाऱ्यावर शिकवणारी अमीना. तिनं लिहिलं, "सिस्टर, मी रागावलेली नाही. पण तुमच्या सोसायटीत मी करायचं काय, ते कोणी सांगितलंच नाही."

हे वाक्य मला झोंबलं आणि उपयोगी पडलं. नुसतं आमंत्रण देऊन माणूस टिकत नाही, हातात काम द्यावं लागतं. आमच्या घरी लग्नालासुद्धा ज्याच्या हातात झारा दिला तोच शेवटपर्यंत थांबतो.

मग मी एक काम काढलं. प्रत्येक देशातल्या सभासदानं आपापली एक खाडी घ्यायची. महिन्यातून एकदा तिथल्या मच्छीमाराकडून जाळं लावून घ्यायचं आणि त्यात माशांची पिल्लं किती, कुठल्या जातीची, ते मोजायचं. खाडी ही माशांची बालवाडी. पिल्लं तिथे वाढतात आणि मग समुद्रात जातात. तीन देशांच्या नोंदी एकत्र ठेवल्या तर एक चांगला पेपर झाला असता. अमीना पुन्हा सभासद झाली आणि कामालाही तयार झाली. बांगलादेशातला रफिक तयार झाला. त्याच्याकडचं जाळं तर आपल्या डोलीसारखंच, लांब पिशवीचं, वाहत्या पाण्याच्या तोंडावर खुंटाला बांधायचं. बाकीचे म्हणाले, तुमचं काय होतं ते बघतो आणि मग सभासदत्व चालू ठेवायचं की नाही ते ठरवतो. म्हणजे सगळी भिस्त या तीन खाड्यांवर.

दिवस कुठला? मी लिहिलं, 'महिन्यातला एक ठरावीक दिवस, आपापल्या सोयीनं.' मी पहिला शनिवार धरला. रफिकनं शेवटचा शुक्रवार, कारण त्याला तेव्हा सुट्टी. अमीना कॉलेजची जीप मिळेल त्या दिवशी.

पनवेलचं जाळं हिराजीदादाचं. हा माझा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी कॉलेजात होते तेव्हा बाबांचा पाय मोडला होता. दोन वर्षं आमची डोल त्यानंच सांभाळली, म्हणून मला शिक्षण सोडावं लागलं नाही. आता त्याची मुलं कामोठ्यात फ्लॅट घेऊन राहतात आणि त्याला खाडीवर जाऊ नको म्हणतात. तो जातो. त्याच्यासाठी मी मराठीत तक्ता छापून घेतला. तारीख, वेळ, जात, नग आणि शेवटी शेरा.

"बाय, ह्यो शनवार कनाला?" त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"दादा, दर महिन्याला तोच वार पाहिजे. नियम असतो."

"नियम हाय, तं हाय," तो म्हणाला आणि होडीकडे गेला.

पाच महिने गेले. दर महिन्याला मी खांदा कॉलनीतल्या माझ्या घरी त्याचे तक्ते एक्सेलमध्ये इंग्रजीत उतरवायचे आणि इतर दोघांना पाठवायचे. पाच महिन्यांनी तिघांचे आकडे एका आलेखावर टाकले आणि मला घाम फुटला. आमच्या खाडीत जवळजवळ काहीच नव्हतं. रफिककडे दर वेळी जाळं फुटेस्तोवर पिल्लं. अमीनाकडे एकदा डोंगर, एकदा शून्य. बालवाडीतल्या पोरानं भिंतीवर रेघोट्या माराव्यात तसा तो आलेख.

मी त्याचा अर्थ लावला. शिकलेला माणूस कशाचाही अर्थ लावतो. आजूबाजूला एवढी बांधकामं, एवढे भराव. मी लिहायला घेतलं की पनवेलच्या खाडीत पिल्लं उरलेलीच नाहीत. अर्धा पेपर लिहून सावंत सरांना दाखवला.

सरांनी आलेख उलटासुलटा करून पाहिला. "मॅडम, राग मानू नका. तुमचा माणूस खाडीवर जातो ना? की घरी बसून आकडे भरतो?"

मला राग आला. तो मी मानलाच. "सर, तो माझा भाऊ आहे."

"म्हणूनच विचारलं."

घरी येऊन मी हिराजीदादाच्या हातचे पाचही मूळ तक्ते काढले. चिखलाचे डाग, घडीवर फाटलेले. मोबाइलनं फोटो काढले आणि सरांना, अमीनाला, रफिकला पाठवून दिले. म्हटलं, बघा, घरी बसून भरलेला कागद असा दिसतो का.

रविवारी दुपारी तीनला आमचा व्हिडिओ कॉल असायचा. अमीना कॅमेऱ्यात यायच्या आधीच बोलायला लागली. "सिस्टर, तुमच्या कागदावर शेवटच्या रकान्यात दर वेळी काहीतरी लिहिलंय. तुमच्या एक्सेलमध्ये तो रकाना नाही. काय आहे ते?"

"शेरा आहे. इकडचं तिकडचं लिहितो तो."

"वाचा ना."

मी वाचायला घेतलं. पहिला तक्ता: 'नवमी. भांग. पानी चालत नाय.' दुसरा: 'सातम. भांगच.' तिसरा: 'सष्टी. पानी कमी.' चौथा: 'एकादशी. पानी आताशी चालू झाला.' पाचवा: 'दशमी. भांग. बायला सांगितला व्हता.'

पाचवा मी दोनदा वाचला.

आता हे समजावून सांगते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला भरती-ओहोटी जोरात असते, ते उधाण. अष्टमीच्या आगेमागे पाण्याला जोर नसतो, तो भांग. डोल पाण्याच्या ओढीवर चालते. पाणी ओढत नसेल तर जाळ्याची पिशवी नुसती लोंबकळत राहते, मासा आत येत नाही. म्हणून खाडीवरचा माणूस तारीख बघत नाही, तिथी बघतो. भांगाच्या दिवसांत तो जाळं शिवतो, पाहुण्यांकडे जातो. हे मला पाचवीत असताना माहीत होतं. माझे बाबा भांगातच शाळेच्या मीटिंगला यायचे. आणि मी एम.एस्सी. होऊन, आयुष्यभर मासे मोजून, कॅलेंडरवरचा शनिवार धरला होता. आणि बरोबर उत्तर ज्या रकान्यात होतं तो रकाना, इंग्रजीत कशाला, म्हणून दर महिन्याला स्वतःच्या हातानं गाळला होता.

अमीना हसत सुटली. मला नाही, स्वतःला. "सिस्टर, आमचे मच्छीमार या दिवसांना मेलेलं पाणी म्हणतात. माझ्यासाठी जाळं लावणारा म्हातारा दर वेळी जीपमध्ये बसून तेच पुटपुटतो. मी त्याला म्हणते, बाबा, जीप आजच मिळाली आहे."

रफिक मात्र आपले आकडे पुन्हा बघत होता. मग म्हणाला, "आपा, आमच्याकडेही 'मरा', म्हणजे मेलेलंच, म्हणतात. पण मग माझं जाळं दर वेळी भरलेलं कसं? थांबा, फोन लावतो."

त्यानं कॉलवरूनच त्याच्या माणसाला फोन लावला. बंगालीत बरीच बोलाचाली झाली. रफिकचा चेहरा पडत पडत गेला. "आपा, तो म्हणतो, शुक्रवारी पाणीच नसतं. मला वाईट वाटू नये म्हणून तो चांगलं पाणी बघून जाळं लावायचा आणि कागदावर शुक्रवारची तारीख टाकायचा."

तिघंही एकदमच हसलो. पाच महिन्यांत आम्ही असे एकदाही हसलो नव्हतो. आकडे पाण्यात गेले होते, पण त्या दिवसापासून ती दोघं माझी माणसं झाली.

दुसऱ्या दिवशी मी गावी गेले. हिराजीदादा ओट्यावर जाळं शिवत बसला होता. मी समोर बसले.

"दादा, आज काय तिथी?"

त्यानं मान वर केली नाही. "क्यालेंडर नाय तुज्याकडं?"

"चुकलं माझं."

"भांगाला डोल लावतंय कोन? अख्खा गाव हसत व्हता मला. मी बोललो, माजी बहीन मोटी शिकलेली हाय, तिचं कायतरी असंल त्यात."

"मग ओरडून सांगायचंस ना."

"लिवला व्हता ना. रकाना तूच दिलावतास." मग सुई खाली ठेवून म्हणाला, "आनि एक आयक. मासली कमी झाली, ती झालीच हाय. पन तू मोजलीस ती भांगाची. दोनी गोस्टी येक करू नको."

माझ्या अर्ध्या पेपरावर याहून नेमका अभिप्राय कोणी दिला नसता. मी तो पेपर त्याच संध्याकाळी काढून टाकला.

सभेला सहा आठवडे उरले होते. आम्ही तिघांनी नियम बदलला. महिन्यातून दोन नोंदी, एक उधाणाची, एक भांगाची, तिन्ही देशांत त्याच तिथीला. चंद्र तिघांचा एकच, त्याला सुट्टी नाही आणि जीप लागत नाही. सहा आठवड्यांत दोन उधाणं आणि दोन भांग मिळाले. पेपर होण्याइतकं ते नव्हतं. पण तिन्ही रेघा पहिल्यांदाच एकत्र वर गेल्या आणि एकत्र खाली आल्या.

वार्षिक सभेत मी दोन्ही आलेख दाखवले. आधी रेघोट्यांचा, मग नवा. रकाना कोणी गाळला होता, तेही स्वतःचं नाव घेऊन सांगितलं. पडद्यावर अमीना आणि रफिक होते. सावंत सर उठले. मला वाटलं, आता ठराव.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमच्या भावाबद्दल मी जे बोललो ते मागे घेतो. ठरावही मागे घेतो."

तेवढ्यात पडद्यावरून अमीना म्हणाली, "मला एक सूचना मांडायची आहे. सभासद म्हणून मला तो हक्क आहे ना? हिराजी यांना सोसायटीचं सभासद करावं."

"माझं अनुमोदन," रफिक म्हणाला.

सभासद होण्यासाठी दोन जुन्या सभासदांची शिफारस लागते. ती मिळाली होती, केनियातून आणि बांगलादेशातून.

"पण नियमात पदवी लागते," सर पुटपुटले. मग स्वतःच म्हणाले, "बरं, नियमाचंही बघू."

नियम बदलायला वर्ष गेलं. आता आमच्याकडे 'नोंदकर्ता सभासद' असा प्रकार आहे. परदेशी सभासद चौदाचे बावीस झाले. त्यांतले तिघं डोलीसारखी जाळी लावणारे आहेत, जीपमध्ये पुटपुटणारे बाबाही आहेत. रफिकच्या माणसानं मात्र कळवलं की खरी तारीख टाकायची सक्ती नसेल तर येतो. त्याची समजूत काढणं चालू आहे.

हिराजीदादाचा फॉर्म मीच भरला. शिक्षण: चौथी. त्यानं विचारलं, "बाय, सभासद होऊन करायचा काय?"

"आता करतोस तेच."

"मंग ठीक हाय," म्हणून त्यानं सही केली. सही करायच्या आधी फॉर्म शेवटपर्यंत वाचला, आणि तळाशी मोकळी जागा दिसली तिथे लिहिलं, 'त्रयोदशी. पानी बरा.'

तो फॉर्म स्कॅन करून मी तसाच फाइलला लावला. ऑफिसमधल्या मुलीनं विचारलं, हे खालचं खोडायचं का? मी म्हटलं, हात लावू नकोस.