हातमोजे घालून निवडलेली काठी

माझ्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू हात लावल्याशिवाय विकत घेतलेली नाही, आणि हात लावून पाहिल्यावर तर बहुतेक वस्तू घेतलेल्याच नाहीत. चाळीसगावच्या बाजारात ते लांबून येताना दिसले की टरबूजवाले ढिगावर गोणपाट टाकतात, असं लोक सांगतात. मी हे स्वतः एकदाच पाहिलंय, पण पाहिलंय. कापडाच्या दुकानात ते ठाणाची कड अंगठा आणि तर्जनीत धरून, डोळे मिटून इतका वेळ बसतात की एकदा दुकानदारानं मला खुणेनं विचारलं, झोपले का? माझं लग्न ठरायच्या वेळी थोरले जावई म्हणून ते मला बघायला धुळ्याला आले होते. शिक्षण विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. माझ्या सदऱ्याची बाही दोन बोटांत धरली, डोळे मिटले आणि सासऱ्यांना म्हणाले, "धागा आखूड आहे, पण टिकेल." लग्न ठरलं. ते सदऱ्याबद्दल बोलले की माझ्याबद्दल, हे मी वीस वर्षं बायकोला विचारतोय आणि ती वीस वर्षं नुसती हसते.

त्यांचाही इलाज नव्हता म्हणा. जन्मभर त्यांनी जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्याचं काम केलं. गाडी आली की हे गाडीत हात घालणार, खोलातून एक पुंजका काढणार, दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ओढणार आणि डोळे न उघडता धाग्याची लांबी सांगणार, "एकोणतीस. खाली ओला आहे." मग कुणीतरी खालून कापूस काढायचा आणि तो ओला निघायचा. पुढे तिथं यंत्र आलं. यंत्राचा आकडा आणि यांचा आकडा जुळला नाही तर शेतकरी म्हणायचे, यंत्र पुन्हा लावून बघा. या गोष्टीचा त्यांना काय अभिमान होता म्हणून सांगू. दुसऱ्या कुणाला असता तर मला सहन झाला नसता.

रविवारी हाच माणूस मन्याड धरणावर मासे पकडायला जायचा. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा चालत नाही, आणि हे मासे पकडणार. पकडायचे आणि सोडून द्यायचे. अक्का म्हणजे माझी मेव्हणी, त्यांची बायको. ती म्हणायची, "मग घरातून निघताच कशाला? इथंच बसा आणि सोडलं म्हणा." पण त्यांना मासा नकोच होता, त्यांना तो कळायला हवा होता. काठी नाही, काही नाही, नुसता तंगूस, म्हणजे गळाची दोरी, तर्जनीवर घेऊन बसायचे आणि पाण्याखाली काय चाललंय ते बोटावरून सांगायचे. सोबतीला रशीदभाई असायचे, गाद्या भरणारे पिंजारी. कापसाच्या नात्यानं जुळलेली दोस्ती. रशीदभाई मासे सोडत नसत, त्यामुळे दोघांचं वाटणीवरून कधी भांडण झालं नाही.

आणि मग त्यांची बोटं गेली. कापली नाहीत, जागेवरच आहेत, पण साखरेनं आतून बधिर झाली. ते कुणालाच कळलं नव्हतं. जिनिंगचं काम त्यांनी अचानक सोडलं, "आता यंत्र आहे ना" म्हणाले, आणि आम्हाला ते खरं वाटलं. मला कळलं ते आमच्या धुळ्याच्या घरी. आमच्याकडे चहा चहासारखा गरम असतो. अक्काच्या घरी तो नेहमी कोमट मिळतो आणि त्यावरून मी बरीच कुरकुर केलेली आहे. तर माझ्या बायकोनं वाफाळता चहा काचेच्या ग्लासात आणला. मी तो पंच्याच्या टोकानंही धरू शकलो नाही, आणि साडूंनी मात्र ग्लास मुठीत घेऊन पार मन्याडच्या पाण्याची पातळी सांगून संपवली. मी त्यांच्या हाताकडे बघतोय हे त्यांना दिसलं. ही आत गेल्यावर हळूच म्हणाले, "तळहाताला थोडं कळतं. बोटं मात्र मोजे घातल्यासारखी झालीत. कुणाला सांगू नका. अक्काला तर नाहीच." मग म्हणाले, "साडू, एकदा मासा कळला पाहिजे. एकदाच." साखर घालू का, एवढंच मी विचारलं, आणि विचारल्यावर जीभ चावली.

तिथून काठीचं पर्व सुरू झालं. मोबाइलवर त्यांनी कुठंतरी पाहिलं की परदेशात, जपानकडे, एक काठी मिळते, तिला बेटकास्टिंगची काठी म्हणतात. रीळ काठीच्या वर बसतं, तंगूस सुटताना फिरत्या रिळावर अंगठा ठेवायचा, आणि काठी अशी काही पातळ कार्बनची असते की पाण्यात आमिष दगडाला घासलं तरी ती थरथर दांड्यातून थेट तळहातात येते. तळहातात, हे महत्त्वाचं. आधी आम्ही जळगावला जाऊन दुकानातल्या काठ्या पाहिल्या. साडूंनी एकेकीचा दांडा तळहातात धरला, मला टोकावर नख घासायला लावलं, डोळे मिटले आणि दुकानदाराला अत्यंत सभ्यपणे सांगितलं, "याला फावडं बसवा, शेतात चालेल." म्हणजे मागवायची ती बाहेरूनच. पण बाहेरची काठी हात लावून बघणार कशी? ज्यानं उभ्या जन्मात हात लावल्याशिवाय मीठ घेतलं नाही, त्या माणसापुढे हा पेच पडला.

वर्षभर त्या घरात दुसरा विषय नव्हता. मीडियम की मीडियम हेवी, टोक वाकणारं की मधून वाकणारी, साडेसहा फूट की सात, अखंड की दोन तुकड्यांची. बुरुडाकडून त्यांनी वेगवेगळ्या मापाच्या पाच बांबूच्या काठ्या करून घेतल्या आणि एकेक काठी महिनाभर सोबत वागवली, अंगवळणी पडते का ते बघायला. सात फुटी घेऊन ते धुळे पॅसेंजरनं आमच्याकडे आले, तेव्हा डब्यातल्या लोकांनी त्यांना, सभा कुठे आहे आणि झेंडा कुठे राहिला, असं विचारलं. यांनी शांतपणे उत्तर दिलं, "झेंडा जपानहून येणार आहे." आमच्या दारातून ती काठी आत येईना. तिरकी केली तर ट्यूबलाइट, सरळ केली तर देव्हारा. शेवटी ती खिडकीतून आली आणि ही माझ्यावर चिडली. काठी साडूंची, साडू हिच्या बहिणीचे, आणि चिडली माझ्यावर.

ईमेलवरचा पत्रव्यवहार माझ्याकडे होता. मी सरकारी कचेरीत कारकून, त्यामुळे माझं इंग्रजी संदर्भ क्रमांकापासून सुरू होतं आणि सादर करण्यात येत आहे इथं संपतं. तीन दुकानांना मी साडूंचे सतरा प्रश्न पाठवले. एकाचं उत्तर आलं नाही. दुसऱ्यानं सणाची सवलत कळवली. त्यावर साडू म्हणाले, "मी मुलीचा स्वभाव विचारतोय, हे मांडवाचं सांगतायत." तिसरं जपानमधल्या कुठल्याशा गावातलं लहानसं दुकान होतं. त्या म्हाताऱ्या दुकानदारानं सतराच्या सतरा प्रश्नांची उत्तरं दिली, तीही क्रमवार. माझ्या कचेरीत असं कधी घडलेलं नाही. त्याच्याकडच्या दोन काठ्यांच्या टोकाला एकाच वजनाची किटली टांगून कोणती किती वाकते त्याचे फोटो पाठवले. साडूंनी ते फोटो मोठे करून पाहिले, किटलीत पाणी होतं का असं विचारायला लावलं, आणि हो, अर्धी होती, असं उत्तर आलं. "माणूस कामाचा आहे," साडू म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी पदवी मी ऐकलेली नाही.

तरी निर्णय होईना. दोनपैकी एक काठी महाग आणि नावाजलेली, दुसरी साधी. अखेर एका दुपारी त्यांनी मला अठरावा प्रश्न सांगितला. "लिहा. हातात जाड मोजे घाला. डोळे मिटा. दुसऱ्या कुणाला तरी काठीच्या टोकावरून शिवणाचा दोरा ओढायला सांगा. कोणत्या काठीत कळतं, ते कळवा." मी लिहायचा थांबलो. "मोजे कशाला, असं तो विचारेल," मी म्हणालो. ते म्हणाले, "विचारलं तर सांगू." मी लिहिलं. पत्र नेहमीच्या सरकारी थाटात सुरू केलं, पण ते वाक्य काही मला सरकारी करता आलं नाही.

दोन दिवसांनी उत्तर आलं. फोटोत दुकानदार बर्फात घालायचे लठ्ठ मोजे घालून, डोळे घट्ट मिटून बसलेला, आणि शेजारी एक बाई, बहुतेक त्याची बायको, काठीच्या टोकावरून लाल दोरा ओढते आहे. तिचं हसू तिला आवरत नव्हतं. खाली लिहिलं होतं: "महागडी काठी गप्प बसते. साधी बोलते. तुम्ही साधी घ्या." मोजे कशाला, हे त्यानं विचारलंच नाही. साडूंनी तो मजकूर माझ्याकडून तीनदा वाचून घेतला, उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "मागवा." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हात न लावता वस्तू घेतली, कारण कुणीतरी त्यांच्या हातानं ती पाहिली होती.

काठी आली ती लांबलचक पुठ्ठ्याच्या नळीतून, ऐन उन्हाळ्यात. अक्काला वाटलं पडद्याची दांडी आली. सराव गच्चीवर सुरू झाला आणि गच्चीवर त्याच आठवड्यात अक्काच्या बिबड्या वाळत होत्या. बिबड्या म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, आणि बिबड्यांच्या दिवसांत खानदेशी बाईच्या वाटेला कुणी जात नाही. या काठीचं असं आहे, फिरत्या रिळावर अंगठा वेळेवर दाबला नाही तर तंगूसाचा असा गुंता होतो की सोडवायला दुपार जाते. यांच्या अंगठ्याला तर काहीच कळत नव्हतं. पहिल्या दिवशी चार गुंते झाले. दुसऱ्या दिवशी गळानं एक ओली बिबडी उचलली, शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवरून फिरवून आणली आणि बरोब्बर अक्काच्या पुढ्यात ठेवली. अक्का म्हणाली, "मासे सोडता तशी हीसुद्धा सोडा आता." पण चौथ्या दिवशी त्यांना युक्ती सापडली. रीळ सुटताना गुणगुणतं आणि आमिष खाली यायच्या वेळेला ती गुणगुण बदलते. ते कानानं अंगठा दाबू लागले. आठवडाभरात गच्चीच्या या टोकाहून त्या टोकाच्या परातीत आमिष टाकायला लागले, दहात नऊ वेळा. दहाव्या वेळी बिबडी.

मन्याडवर गेलो तेव्हा साडू, रशीदभाई आणि मी असे तिघं होतो. मच्छीमार सोसायटीच्या माणसांची परवानगी नेहमीसारखी काढलेली, आणि त्यातलेही दोघं ही जपानी काठी बघायला मागं उभे. साडूंनी आमिष फेकलं. ते लांब, वाळलेल्या बाभळीपाशी हलकेच पडलं. काठीचा दांडा तळहातात धरून त्यांनी डोळे मिटले आणि हळूहळू रीळ फिरवू लागले. भावना दाटून आली की ते अहिराणीत बोलतात. तसे बोलू लागले, आणि 'आहे'चं 'शे' झालं. "दगड शे." थोड्या वेळानं, "गाळ शे." मग, "आते काटक्या शेत." रशीदभाई माझ्या कानात म्हणाले, "सच बोल रहे हैं. वहाँ नीचे लकडी हैच." दीड तास असाच गेला. पाणी चकाकत होतं, माझी मान उन्हानं भाजली होती आणि मी मनातल्या मनात त्या मोजेवाल्याला दोष द्यायला सुरुवात केली होती. तेवढ्यात साडू थांबले. काठी हललीसुद्धा नव्हती. निदान मला तरी दिसली नाही. ते अगदी हळू म्हणाले, "हाऊ मासा शे," आणि हात वर घेतला.

काठी कमानीसारखी वाकली, रिळातून तंगूस सरसर सुटला, बाभळीपाशी पाणी उसळलं. मरळ होती, माझ्या हाताएवढी लांब. ती काटक्यांत शिरायला बघत होती आणि साडू डोळे न उघडता ती आता कुठे वळणार ते आधीच सांगत होते. डावीकडे म्हणाले की ती डावीकडे. खाली म्हणाले की खाली. सोसायटीची माणसं मोबाइल काढायला विसरली. शेवटी ती काठाला आली तेव्हा त्यांनी डोळे उघडले, दोन्ही हात ओले केले, तिला पाण्यातच आडवी धरली आणि तळहातांत ती श्वास घेते ते बराच वेळ बघत राहिले. मग सोडली. रशीदभाईंनी जिवाच्या आकांतानं तोंड फिरवलं. साडू उठले आणि मला म्हणाले, "सव्वा दोन किलो. यंत्रावर बघायचं असेल तर बोलवा परत." मी त्यांना मिठी मारली. आमच्यात हे कधी होत नाही.

घरी आल्यावर त्यांनी अक्काला समोर बसवून सगळं सांगून टाकलं. बोटांचंही. अक्का तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली. "मला तीन वर्षं ठाऊक आहे," ती म्हणाली. "चहा गार करून कोण देतं तुम्हाला? आंघोळीचं पाणी कोण बघतं?" साडू माझ्याकडे बघायला लागले आणि मी जमिनीकडे.

परवा दिवाळीनंतर गेलो होतो. साडू ओट्यावर बसून काठीच्या टोकानं सगळं घर वाचत होते. भिंत, पायरी, म्हशीची पाठ. रशीदभाईंनी नव्या कापसाचं गाठोडं आणून ठेवलं होतं. साडूंनी टोक त्यात घातलं, डोळे मिटले. बऱ्याच वेळानं त्यांनी काठी काढून घेतली आणि म्हणाले, "कापूस काही बोलत नही." तेव्हा अक्का आतून आली, गाठोड्यात खोलवर हात घालून तिनं एक पुंजका काढला, दोन्ही अंगठ्यांत धरून त्यांच्यासारखाच हलकेच ओढला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. त्यांनी नीट पाहिलं. "तीस," ते म्हणाले. "खाली ओला आहे का?" अक्का म्हणाली, "कोरडा आहे." मग तिनं चहा आणला, आणि तो कोमट चहा मी एक शब्द न बोलता प्यायलो.