हळदीचा नवरा आणि कोकाट्यांचा चर

चांगल्या रस्त्यावर किस्से घडत नाहीत. माणूस निघतो आणि पोचतो, संपलं! पण रस्ता खोदलेला असेल आणि त्यावरून रोज तीच चार माणसं जात असतील, तर किस्से इतके साठतात की सांगायला बसलं की चहा दोनदा मागवावा लागतो.

बहात्तरच्या दुष्काळात आमचं तसंच झालं. शेवगावला नोकरी करणाऱ्या आम्हा चौघांकडे फटफट्या होत्या. सय्यद डॉक्टर जनावरांचे, कोकाटे रस्त्याचे ओव्हरसियर, गिते ग्रामसेवक आणि मी शेतीखात्याचा. शिंगणापूरकडे जाणारा आमचा रस्ता दुष्काळी कामात निघालेला. कुठे खडी, कुठे मुरूम, कुठे नुसताच खड्डा.

*

गिते एकतीस वर्षांचा झाला होता आणि दोन स्थळं मोडली होती. तिसरं याच रस्त्यावरच्या गावात निघालं. पांढरेशुभ्र कपडे घालून स्वारी मुलगी बघायला निघाली आणि वळणावर मुरमात गाडी घसरली. गिते डोक्यापासून पायापर्यंत तांबडा!

मुलीच्या चुलत्यानं त्याला खालवर पाहिलं. "ग्रामसेवक म्हनून सांगितलं हुतं. ह्यो तर वीटभट्टीवरचा दिसतोय."

पोहे घेऊन आलेली मुलगी मात्र खुदकन हसली. गिते म्हणायचा, "ती हसली, तेव्हाच माझं ठरलं." ठरलं खरं, पण चुलत्यानं अट घातली, "मुहूर्त टळला तर पोरगी बोहल्यावर उभी ऱ्हानार न्हाई. आधीच सांगून ठिवतो."

तेव्हापासून गित्याला मुहूर्ताची धास्ती बसली. आम्ही ती कमी होऊ दिली नाही.

*

काम चालू असलेल्या तुकड्यावर चुना लावलेले दगड आडवे मांडायचे, ही कोकाट्यांची पद्धत. दगड दिसले की बाजूनं जायचं, नाही दिसले की रस्ता मोकळा. एका दुपारी दगड नाहीत म्हणून साहेब स्वतः सुसाट आले आणि ताज्या खडीत चाकाच्या आसापर्यंत रुतले.

"दगड कुठं गेले?" कोकाटे ओरडले.

खडी फोडणाऱ्या बायांची म्होरकी गयाबाई. तिनं शांतपणे झाडाखाली बोट दाखवलं. "चुलीला लावल्यात. च्या घेता का?"

कोकाट्यांनी चहा घेतला. चहा चांगला होता, असं त्यांनीच आम्हाला सांगितलं.

*

सय्यद डॉक्टरांची गाडी एकदा रस्त्यात पंक्चर झाली. ती लिंबाखाली लावून ते पायीच पुढच्या गावात बैल तपासायला गेले. सोबत पंक्चरवाला घेऊन परत आले, तर एका बाईनं लिंबाची फांदी आणि गाडीचं हँडल यांना झोळी बांधून त्यात तान्हं बाळ निजवलेलं.

डॉक्टर तासभर दगडावर बसून राहिले. पंक्चरवालाही बसला. संध्याकाळी कचेरीत त्यांच्या साहेबांनी उशिराचं कारण विचारलं, तर डॉक्टर अदबीनं म्हणाले, "गाडी झोपली होती, साहेब."

*

आणि मग गित्याचं लग्न.

वऱ्हाड आदल्या दिवशीच ट्रकनं लांबच्या वाटेनं गेलं. गित्याला मात्र बाशिंग बांधून फटफटीवरूनच जायचं होतं. कोकाटे चालवणार, गिते मागे, डॉक्टर आणि मी आपापल्या गाडीवर. "रस्ता मला पाठ आहे," कोकाटे म्हणाले.

निम्म्या वाटेत ओढ्यापाशी पोचलो, तर रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा खणलेला. मोरी बसवायला कमरेइतका खोल चर. दोन्ही बाजूंना ओढ्याची दरड, गाडी बाजूनं काढायला जागा नाही.

"कुणी खणायला सांगितलं?" डॉक्टरांनी विचारलं.

कोकाटे खाली बघत म्हणाले, "मीच. म्हटलं, आज सगळे फटफटीवाले लग्नाला जाणार. रस्त्यावर कोण असणार आहे?"

आपणही याच रस्त्यानं लग्नाला जाणार, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. गित्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही त्या क्षणी त्याची थट्टा सुचली नाही. मुहूर्ताला पाऊण तास उरला होता.

तो उतरून चरात पाय घालणार, तोच गयाबाई धावत आली. "हळदीचं अंग हाय, खड्ड्यात उतरू नगं. बसून ऱ्हा गाडीवर."

दहा-बारा बाया पदर खोचून चरात उतरल्या. गिते बाशिंग सांभाळत बसलेला, गाडी त्यांच्या हातांवर आणि तोंडी हळदीचं गाणं. गाडी, नवरा, बाशिंग, सगळं पलीकडच्या काठावर अलगद टेकलं. आमच्या गाड्या आम्हीच ओढत नेल्या. आम्हाला हळद नव्हती.

अक्षता वेळेवर पडल्या. पहिली मूठ चुलत्यानंच टाकली आणि मला त्या खडूस माणसाबद्दल एकदम प्रेम वाटलं.

जेवणं उरकताच कोकाटे मला घेऊन चरापाशी आले. बाया घरी निघण्याच्या तयारीत होत्या. कोकाटे ओशाळून म्हणाले, "गयाबाई, उद्या सकाळी आधी हा चर बुजवून घ्या. नवरा-नवरी याच वाटेनं फटफटीवर येणार आहेत."

गयाबाईनं पाटी खाली ठेवली.

"बुजवायचा न्हाई, सायेब. नवरीला बी उचलायचंय आमाला."