आधी आपलं पाडा

काकांना कोणाला दुखवायचे असले, की ते सुरुवात परक्यापासून कधीच करत नसत. बेकायदा बांधकामांवर मोहीम निघाली की पहिला हातोडा त्यांच्याच कारखान्याच्या कुंपणावर पडे, दुसरा मेहुण्याच्या दुकानावर. यमुनेपलीकडच्या आमच्या नव्या शहरात लोक हे पाहायला जमत. काका कंत्राटदाराला शांतपणे सांगत, "पहले मेरा तोड़ो. फिर किसी का मुँह नहीं खुलेगा." आणि खरोखरच पुढच्या गल्लीतले लोक आपापले ओटे स्वतः फोडू लागत.

ते सख्खे काका नव्हेत, वडिलांचे मंडळातले स्नेही; सांगलीकडचे, धंदा फरशीचा. परवान्यांची कटकट संपली, सेक्टरमागून सेक्टर उभे राहिले आणि घरोघरी त्यांची फरशी गेली. "माझ्यावर पाय ठेवल्याशिवाय या शहरात कोणी स्वयंपाकघरात जात नाही," असे ते हसत म्हणत. पहिल्या महापालिकेत दोन स्थानिक गट एकमेकांचा महापौर होऊ देईनात, तेव्हा कोणाच्याच जातीचा आणि गावाचा नसलेला हा माणूस दोघांनाही चालला. पुढे सभागृह भांडणांपायी बरखास्त झाले आणि सरकारने प्रशासक म्हणून पुन्हा त्यांनाच बसवले. "सभागृह म्हणजे भागीदार. भागीदार गेला की दुकान नीट चालतं," असे काका म्हणत. आपण कोणाचेच नाही, हे त्यांचे भांडवल होते. ते वारंवार सिद्ध करावे लागे, आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल म्हणजे महाराष्ट्र मंडळातली आम्ही कुटुंबे.

गणपतीच्या आरतीला ते मागच्या रांगेत उभे राहून मनापासून टाळ्या वाजवत. दुसऱ्या दिवशी आकडा टाकून घेतलेली वीज तोडायला माणसे निघत, ती सर्वांआधी आमच्या मंडपात पोहोचत. मंडळाची सहल पानिपतला गेली होती. काला अंबच्या स्तंभापुढे सगळे हात जोडून उभे असताना ते माझ्या वडिलांना म्हणाले, "फौजेबरोबर आलेले बुणगे परत पाठवायची हिंमत नव्हती कोणाची. आपली माणसं, आपली माणसं करत हरले."

"अहो, निदान इथे तरी नको," वडील म्हणाले.

"मग कुठे बोलू? घरी?"

मला ते आवडत. शाळेत असताना त्यांनी मला कारखान्यात नेले आणि हौदात बुडवून ठेवलेल्या फरश्या दाखवल्या. "सिमेंट वाळत नाही, मुली. वाळलं तर मेलं. ते पाणी पिऊन घट्ट होतं." घरात मला असे नेमके वाक्य तोवर कोणी ऐकवले नव्हते. मी रसायनशास्त्राकडे वळले ती त्या हौदापासून.

आईची बालवाडी आमच्या अंगणात होती. पत्र्याची एक खोली, अर्थात बेकायदा. हिंदीत भांडणारी मंडळातली मुले तिथे मराठी अक्षरे गिरवत. काकांचा मुलगाही तिथेच वाचायला शिकला. त्या वर्षीची मोहीम आमच्या रस्त्यावर यायची ठरली, तेव्हा रविवारी पोहे खायला आलेल्या काकांना आईने विचारले, "भावजी, मे महिन्यापर्यंत थांबता येईल? मुलं मध्येच कुठे जातील?"

"वहिनी, तुमची खोली राहिली तर त्या कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याचा वाढीव मजला कोणत्या तोंडाने पाडू?"

"माझी पाडल्यावर त्याचा नक्की पाडाल?"

"शब्द देतो."

आईने तक्ते स्वतः उतरवले. सकाळीच खोली गेली. दुपारी वरून फोन आला आणि मोहीम थांबली. मिठाईवाल्याचा मजला अजून उभा आहे. त्यावर आणखी दोन चढले आहेत.

पुढच्या रविवारी काका नेहमीप्रमाणे आले. वडील उठून आतल्या खोलीत गेले. "पद्धत चुकीची नव्हती, वहिनी," काका बशीकडे पाहत म्हणाले. "फोन येईल हे कोणाला ठाऊक होतं?"

"लिंबू घ्या, भावजी," आई म्हणाली.

महापालिकेतल्या त्या दोन गटांची पुढे दिलजमाई झाली. कोणाचाच नसलेला माणूस मग कोणालाही नको होता. परके त्यांच्यासाठी उभे राहण्याचे कारण नव्हते, आणि आपले त्यांनीच एकेक करून खर्चून टाकले होते. मुलगा परदेशी गेला, मंडळाचे बोलावणे थांबले. आजारपण त्यांनी दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका फ्लॅटमध्ये काढले. प्रयोगशाळेतून सवड मिळाली की मी जात असे.

शेवटच्या भेटीत त्यांनी विचारले, "तुझं काय मत? माझी पद्धत चुकली?"

"त्या दिवशी एकाच नमुन्यावर प्रयोग थांबला, काका. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही."

त्यांना हे उत्तर पसंत पडले. ते हसले, खोकले. मग जरा वेळाने म्हणाले, "वहिनी शिकवतात ना अजून? घरी बसून, दोन-चार मुलांना?"

'हो' म्हणणे सोपे होते, आणि त्यांना तेवढेच हवे होते.

"नाही," मी म्हणाले. "त्या दिवसानंतर तिने एकाही मुलाचा हात धरून अक्षर गिरवलं नाही. दादाची मुलगी सात वर्षांची झाली, तिला मराठी वाचता येत नाही. आई तिला हिंदी पुस्तकं आणून देते."

त्यांच्याकडे येणारी मी एकटीच उरले होते, हे बोलताना मला पुरते ठाऊक होते.