सतराचा पंच

अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी होसकोटेहून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होतो. त्यांच्या मुलीचा, सुमाचा फोन होता. "बाबा गेले... दुपारी. कुणाला बोलवायलाही वेळ मिळाला नाही." त्याला आता सहा आठवडे झाले.

हणमंतअण्णा आमच्या गिअरच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते. टोकन नंबर सतरा. प्रत्येक गिअर हातात फिरवून बघायचा, मनास आला की आकड्याचा पोलादी पंच टेकवून हातोडीचा ठोका द्यायचा, की उमटलाच १७. मी नियोजन खात्यात, वेळ मोजणारा. एका शिक्क्याला नऊ सेकंद, पाळीला सहाशे गिअर, म्हणजे दीड तास. शिक्के बंद करावेत आणि जास्त माल काढणाऱ्याला बक्षिसी द्यावी, असं मी लिहून दिलं. मंजूर झालं.

अण्णा पंच घेऊन माझ्या टेबलाशी आले. "लेक्कासाहेब," ते म्हणाले. लेक्क म्हणजे कन्नडमध्ये हिशोब. आम्ही दोघंही बंगळूरच्याच जुन्या मराठी घरांतले, चिडवताना ते मला असंच म्हणत. "नऊ सेकंद बरोबर आहेत हं. मीपण मोजले होते."

"मग? बक्षिसी मिळेल की, अण्णा."

"मिळेल. सरी, ठीक आहे. पण उद्या गिअर वाईट निघाला, तर तो कुणाचा?"

"कंपनीचा."

"म्हणजे कुणाचाच नाही." मग पंच तळहातावर फिरवत म्हणाले, "पंच घरी नेऊ का रे? भंगारातच जाणार तो..."

माल वाढला. गिऱ्हाइकांकडून परत येणारा मालही वाढला. अहवालात 'कारण' या रकान्यात मी 'यंत्राची झीज' असं लिहिलं. ते खोटं होतं. अण्णासुद्धा आता गिअर फिरवून बघत नव्हते. एक नजर टाकायची आणि ट्रेमध्ये सारायचा. बक्षिसी त्यांना दर महिन्याला मिळाली. निवृत्तीच्या दिवशी हार काढून ठेवत म्हणाले, "शेवटच्या दोन वर्षांतले गिअर समोर आणून ठेवलेस, तर माझे कुठले ते मला सांगता येणार नाही." मी तो हार त्यांच्या पिशवीत भरला. त्याचं उत्तर पुढेही कधी दिलं नाही, आणि आता ते राहूनच गेलं.

गेल्या रविवारी जे. पी. नगरच्या आमच्या घराच्या फाटकाला रंग द्यायला मी कडी काढली. ती अण्णांनीच निवृत्तीनंतर घरी बनवून बसवली होती. आतल्या बाजूला, भिंतीकडे, कुणालाही दिसणार नाही अशा जागी, १७ होतं.

तेवढी जागा सोडून मी रंग दिला.