दुर्बीण खालच्या किनाऱ्यावर उतरतो

गावाला किनारे तीन. पहिला होड्यांचा. तिथं जाळी वाळतात आणि माणसं भांडतात. दुसरा गोट्यांचा. तिथं वाळू औषधालासुद्धा नाही, नुसत्या अंड्याएवढ्या काळ्या गोट्या. चार पावलं चाललं की घेतलेली नसताना माणूस झिंगतो. आणि तिसरा खालचा. त्या खालच्यासाठीच लांबलांबून पाहुणे या खडकाळ, वाऱ्यानं कान किटवणाऱ्या गावात येतात.

खालचा किनारा कड्याच्या पोटात लपलेला आहे. कड्याचं कपाळ एवढं पुढे आलेलं, की वरून कितीही वाकून बघा, पांढऱ्या फेसापलीकडे काही हाती लागत नाही. पुढ्यात सुळके असल्यामुळे होडीवाले तिकडे फिरकत नाहीत. ओहोटी लागली की कड्यात खोदलेल्या खाचांवर पाय ठेवत, दोर धरून खाली जायचं. शिडी उतरावी तसं, तोंड खडकाकडे आणि पाठ समुद्राकडे. पाय वाळूला टेकेपर्यंत दिसतो फक्त नाकासमोरचा दगड. मग खालून एक खणखणीत आवाज येतो, "हं, वळा आता!"

तो आवाज दोरवालीचा. दोर तिचा, ओहोटीची वेळ तिची, आणि मधेच मान वळवणाऱ्याला झापायचा हक्कही तिचाच. "ओ काका, मान सरळ! समुद्र पळून नाही जात. तुम्ही मात्र जाल."

दोरवालीच्या थोरल्या भावाचं बाजाराच्या चौकात सलून होतं. एक फिरती खुर्ची, एक आरसा, एक बाक, आणि त्या बाकावर केस न कापता दिवसभर बसणारे तिघेचौघे. गाव त्याला दुर्बीण म्हणायचं. कारण दुकानातून न हलता तो कुणालाही खालचा किनारा दाखवायचा. पाहुण्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, की याची सुरुवात. "खाली गेलात की डाव्या हाताला कमान बघा. दगडाची. आख्खं दुमजली घर आतून जाईल. लाट त्या कमानीतून आत येते, आणि काय सांगू राव…" इथं तो वस्तरा हवेत धरायचा. पाहुण्याचा श्वासही तिथंच अडकायचा, काही किनाऱ्यामुळे, काही वस्तऱ्यामुळे.

खरी मजा पुढे. खालून वर आलेली माणसं कशी बोलतात, याची तो नक्कल करायचा. बँकेचे साहेब: "हं… ठीक आहे. जरा… जरा मोठं आहे." नवी नवरी: "अहो, बघा ना! अहो, तुम्ही बघताय ना? अहो, मग बोला ना काहीतरी!" जाडा ठेकेदार: "इथं एक झकास हॉटेल…" मग बराच वेळ गप्प, आणि मग एकदम बारीक आवाजात, "नको. नको बाबा." बाकावरचे पोट धरून हसायचे. पोस्टमन तर पत्रं वाटायची विसरायचा.

आता यात एकच गोम होती. दुर्बीण आयुष्यात खालच्या किनाऱ्यावर उतरला नव्हता.

लहानपणी एकदा निघाला होता, धाकट्या बहिणीबरोबर. अर्ध्या वाटेत त्याचे गुडघे असे लटपटले, की तो खडकाला पालीसारखा चिकटला. बहीण सरसर खाली गेली, पोटभर बघून आली, आणि त्याला ढकलत वर घेऊन आली. घरी तो म्हणाला, "आम्ही दोघांनी बघितला!" बहिणीनं तोंडातून शब्द काढला नाही. पुढे ती विसरूनही गेली. मोठा झाल्यावर मित्रांबरोबर गेलाच असेल, असं धरून चालली. त्याच्या सलूनमध्ये काही ती कधी बसायला गेली नाही. त्यामुळे दादा काय सांगतो, कसं सांगतो, हे तिच्या कानावर आलंच नाही.

पण फुटायचं ते फुटलंच. दुर्बीण दुकान विकून मुलीकडे राहायला जाणार होता. समुद्राचं नाव नाही अशा शहरात, कायमचा. शनिवारची गाडी ठरली होती. त्याच आठवड्यात सकाळी दाढी करून गेलेले एक निवृत्त पाहुणे आणि त्यांच्या बाई दुपारी परत दुकानाशी आले. बाई दारातूनच म्हणाल्या, "ओ, तुमची कमान डावीकडे कुठाय? आम्ही डावीकडे बघत बसलो. नुसती भिंत! कमान उजवीकडे आहे."

बाकावरच्यांनी माना दुर्बिणीकडे वळवल्या.

"डावीकडेच आहे," दुर्बीण म्हणाला.

"मी आत्ता बघून येतेय!"

"मग… भरतीनं सरकली असेल."

बाई हसत निघून गेल्या. बाक हसला नाही, आणि दुर्बिणीला तेच लागलं. पोस्टमननं पिशवी उचलली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच वेळेवर पत्रं वाटायला गेला. म्हणजे बातमीही वाटायला गेला.

संध्याकाळी दोरवाली सलूनमध्ये शिरली. ओल्या पायांनी सरळ खुर्चीवर बसली.

"दादा, कमान कुठल्या हाताला?"

तो कात्र्या पुसत राहिला. मग म्हणाला, "गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस असतो गं. विचारलं तर बोलणार कसं? हातानंच दाखवतं. मी असतो त्याच्यासमोर उभा. त्याचा उजवा तो माझा…" आणि त्यानं स्वतःचा डावा हात वर केला. हात तसाच राहिला.

"म्हणजे तू कधीच?"

"कधीच नाही."

"इतकी वर्षं दुसऱ्यांच्या फेसातून समुद्र बघत होतास होय रे!" ती हसायला लागली. त्याचा चेहरा बघून थांबली. "मग उद्या चल."

"या गुडघ्यांनी?"

"शनिवारी कुठल्या गुडघ्यांनी जाणार आहेस? हेच ना? मग आधी यांना समुद्र दाखव. तिकडं गेल्यावर काय सांगशील लोकांना? हीच डावी कमान?"

सकाळी ओहोटीला तो दोराशी हजर होता, दाढी करून, भांग पाडून. जणू खाली किनाऱ्यावर कुणीतरी त्याला बघणार होतं.

दोरवाली त्याच्या खाली. "पाय सोड. अजून. हं, टेकला." असं थोडं झालं आणि मधल्या वळणाशी गुडघे लटपटले. तीच जागा. तोच खडक. तो पुन्हा पाल झाला.

"मला वर घे."

"नाही घेत."

"मी पडेन गं!"

"तू पडशील," ती म्हणाली. "काल पोस्टमननं तुझ्या नकला सांगितल्या. ते बँकेचे साहेब नाही पडले. ते कसे उतरले सांग बघू."

त्याच्या घशातून चिरका आवाज आला, "हं… ठीक आहे. जरा… उंच आहे." आणि पाय सुटला. खालच्या खाचेत जाऊन टेकला.

"नवी नवरी कशी उतरली?"

"अहो, धरा ना! अहो, तुम्ही धरलंय ना?" दुसरा पाय.

मग काय विचारता! कड्यावरून एक माणूस नव्हे, आख्खं सलून खाली उतरायला लागलं. ठेकेदार उतरला, पोस्टमन उतरला, शाळेचे मुख्याध्यापक प्रत्येक खाचेला "शांतता राखा" म्हणत उतरले. ज्याचे गुडघे धड होते, त्याचा आवाज दुर्बिणीनं उसना घेतला. दोरवालीला हसू आवरेना, तिचाच दोर सुटायची वेळ आली. शेवटच्या खाचेपाशी आवाज संपले. त्याच्याकडे कुणी उरलं नाही. तो स्वतःच पाय सोडून उभा राहिला, आणि पायाखाली गार, मऊ, ओली वाळू आली.

"हं," दोरवाली हळूच म्हणाली. आज ओरडली नाही. "वळ आता."

तो वळला.

कमान उजवीकडेच होती. पण हे त्याला बऱ्याच वेळानं कळलं. आधी कळलं ते एवढंच, की आपण फार लहान आहोत, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. कड्याच्या काळ्या भिंती दोन्ही बाजूंनी आभाळात गेल्या होत्या. ओल्या वाळूत तेच कडे उलटे, तेवढेच खोल उतरले होते, आणि त्या दोन आभाळांच्या मधे तो उभा होता, भांग पाडून. कमानीतून ऊन येत होतं. लाट आत आली की ते ऊन फुटायचं, साऱ्या भिंतीवर हिरवं थरथरायचं, आणि विझायचं.

हे सगळं कुणी ना कुणी त्याला सांगितलं होतं. आवाजाचं मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. लाट कमानीत शिरायची, पाणी वर चढायचं, मग क्षणभर काहीच नाही. आणि मग तो आवाज यायचा. कानात नाही, उघड्या तळपायात. वाळूतून पोटऱ्यांत, पोटऱ्यांतून छातीत, जणू हा कडाच आतून कण्हतो आहे. दुर्बिणीनं सवयीनं ओठ जुळवले. साऱ्या गावाचे आवाज काढणारा माणूस. तो घशात त्या आवाजाला जागा शोधायला लागला. एकदा प्रयत्न केला. नुसती हवा आली.

"काय झालं रे?" दोरवालीनं विचारलं.

त्यानं मान हलवली. डोळे पुसायचं त्याला सुचलं नाही. पुढची लाट येईपर्यंत तो श्वास धरून थांबला, आणि ती आली तेव्हा त्यानं बहिणीचा हात धरला, लहान मुलानं धरावा तसा.

पाणी चढायला लागलं, तेव्हा तिलाच त्याला ओढून दोराशी आणावं लागलं. वर जाताना तो एकाही आवाजात बोलला नाही. गुडघे थरथरत होते, पण चढत होते.

शुक्रवारी दुकानाचा शेवटचा दिवस. बाक भरलेला, पोस्टमन पिशवी मांडीवर घेऊन आधीच येऊन बसलेला. खुर्चीवर एक पाहुणा. तोंडाला फेस लागला आणि पोस्टमननं काडी टाकली, "काय दुर्बीण, आज कमान कुठवर सरकली?"

दुर्बिणीनं वस्तरा खाली ठेवला. पाहुण्यासमोरून तो हलला, खुर्चीशेजारी जाऊन उभा राहिला, पाहुणा बघत होता त्याच दिशेला तोंड करून, आणि उजवा हात वर केला.

"या हाताला," तो म्हणाला.

बाक वाट बघत राहिला. आता वस्तरा हवेत जाईल, आता साहेब येतील, नवरी येईल. दुर्बीण हात वर धरून तसाच उभा, जणू पुढची लाट यायची आहे.

"आणि? पुढे?" पोस्टमननं न राहवून विचारलं.

"पुढे चपला वरच काढून ठेवा," दुर्बीण म्हणाला, आणि दाढी करायला लागला.